तुम्हाला काय म्हणू?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



आत्ता सूत्रसंचालक ताईंनी माझी ओळख करून देताना माझं नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. मकरंद. गेल्या तेरा वर्षांत या देशात माइकवरून माझं नाव इतकं नीट ऐकू येण्याची ही तिसरी वेळ. आणि तिन्ही वेळा माइक आपल्या मंडळाचाच होता!

कार्यकारिणीने मला विषय दिला 'इंग्रजी टोपणनावं आणि रोजच्या शब्दांच्या गमतीजमती', आणि वेळ दिली वीस मिनिटं. मी काही भाषातज्ज्ञ नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून २०१० साली कॉम्प्युटर इंजिनियरिंग केलं आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरतोय. त्यामुळे आज ज्या चुका सांगणार आहे त्या बहुतेक माझ्या स्वतःच्या आहेत. मसालेभाताचा वास इथपर्यंत यायला लागलाय, तेव्हा वेळेत संपवतो.

२०१२ साली मी अटलांटाला आलो. क्लायंटच्या ऑफिसातला पहिला दिवस. मॅनेजरने हात मिळवला, माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचायचा एक प्रयत्न केला, अर्ध्यात सोडला आणि हसून विचारलं, "सो, व्हॉट डू यू गो बाय?"

मी म्हटलं, "बाय बस, सर."

हसू नका! मला खरंच वाटलं, गाडी नाहीये तर हा ऑफिसला येतो कसा, याची त्यांना काळजी वाटतेय. ते बिचारे हसले नाहीत. म्हणाले, "नाही नाही, तुला हाक काय मारायची?" मी विचार करत असतानाच त्यांनी स्वतःच सुचवलं, "मॅक चालेल?" मी मान डोलावली. नवीन नोकरी, नवीन देश, एच-वन व्हिसा. मान डोलावण्याखेरीज त्या वर्षी मी फारसं काही करत नव्हतो. सगळं ऑफिस विंडोजवर चालायचं, त्यात मी एकटा मॅक. कॉफीच्या दुकानात तर त्याहून कमाल. तिथे पूर्ण नाव सांगितलं की कपावर यायचं 'मार्क रँड'. कुणीतरी गोरे गृहस्थ रोज माझी कॉफी पितात असं वाटायचं.

पण त्या 'गो बाय'ने मला नादाला लावलं. मंडळी, या लोकांची टोपणनावं आपल्याला सुरुवातीला अजिबात कळत नाहीत. विल्यमचा बिल होतो. रॉबर्टचा बॉब होतो. मार्गारेटची पेगी होते, जॉनचा जॅक होतो. रिचर्डचं काय होतं ते मी सांगत नाही, पुढच्या रांगेत लहान मुलं बसली आहेत. आमच्या टीममध्ये 'चक' नावाचा एक माणूस होता. सहा महिने मी कंपनीच्या यादीत त्याचं नाव शोधत होतो. तो यादीत चार्ल्स होता!

मग मी वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की हे सगळं अगदी रीतसर आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन अशा मोजक्याच नावांची लाट आली. एकेका गावात डझनभर विल्यम. मग ओळखायचं कसं? आधी नाव आखूड करायचं, मग त्याला यमक जुळवायचं. विल, बिल. रॉब, बॉब. मेग, पेग. मॉली, पॉली. हेन्रीचा उच्चार बदलत बदलत हॅरी झाला. आणि लहान मुलांच्या जिभेला 'र' जड जातो, म्हणून मेरीची मॉली झाली आणि सॅराची सॅली. आपल्याकडे बोबडी पोरं 'राम' ला 'लाम' म्हणतात ना? तसंच.

खुद्द 'निकनेम' या शब्दाची गंमत तर अजून पुढची. जुन्या इंग्रजीत 'ईक' म्हणजे जास्तीचं. जास्तीचं नाव ते 'ॲन ईकनेम'. ते भराभर बोलताना 'न' तिकडून इकडे सरकला आणि झालं 'अ नेकनेम', मग 'निकनेम'. 'माइन एड', म्हणजे माझा एड, याचा तसाच 'माय नेड' झाला. कधी हा 'न' चिकटतो, कधी गळतो. आपलं 'नारिंग' बघा. संस्कृत नारंग इराणी आणि अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात पोचलं, तिथे पुढचा 'न' कुठेतरी गळाला आणि इंग्रजीत 'ऑरेंज' उरलं. म्हणजे सामान हरवण्याची परंपरा विमानं निघण्याच्या बरीच आधीपासूनची आहे.

आपलंही शास्त्र काही कमी नाही. एका वाड्यात तीन विनायक असले तर एक विनू, एक विन्या आणि एक थेट नाना. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक बेबीआत्या असते आणि तिचं वय पंच्याहत्तर असतं. हे ऑफिसात समजावून सांगून बघा! लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात लाडाने 'बाळ' म्हणायचे, तेच चिकटलं आणि इतिहासात गेलं. इंग्रज सरकारने राजद्रोहाचे खटले भरले तेही 'बाळ' वरच! इकडे १९७७ साली जिमी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती जेम्स म्हणून न घेता 'जिमी' म्हणूनच.

आणि आपला तो 'या' प्रत्यय. गण्या, पक्या, विन्या. सचिन तेंडुलकरला मुंबईने लाडाने 'तेंडल्या' केलं. या 'या' चं व्याकरण मोठं नाजूक आहे बरं का. शाळेतल्या मित्राने 'मक्या' अशी हाक मारली तर मी हातातलं काम टाकून धावेन. तीच हाक सासुरवाडीच्या कुणी मारली तर ताटावरून उठेन. शब्द तोच. म्हणणारा कोण, एवढाच फरक.

काही नावांचं तर पुढे सामान्य नाम होऊन जातं. १६०५ सालच्या ५ नोव्हेंबरला लंडनमध्ये पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात गाय फॉक्स नावाचा माणूस पकडला गेला. दरवर्षी त्याचा पुतळा करून लोक जाळायला लागले. त्या पुतळ्याला म्हणायचे 'गाय'. मग कुणी गबाळे कपडे घातलेला दिसला की तो 'गाय'. अमेरिकेत येईपर्यंत कुठलाही पुरुष 'गाय', आणि आता तर 'यू गाइज' मध्ये आपल्या बायकाही आल्या. आपल्याकडे रावणाचं असं झालं असतं तर? आत्ता मी व्यासपीठावरून म्हटलं असतं, "काय रावणांनो, चहा झाला का सगळ्यांचा?"

रॉबर्ट पील यांनी १८२९ साली लंडनचं पोलीस दल उभारलं, म्हणून तिथला पोलीस 'बॉबी'. आपण त्याला काय म्हणतो? मामा! 'सिग्नलला मामा उभा आहे' हे वाक्य इंग्रजीत भाषांतर करून पाहा. आणि त्याच मामाचा 'मामा बनवला' की अर्थ पुन्हा वेगळा. दादा म्हणजे मोठा भाऊ आणि दादा म्हणजे गुंडही. इंग्रजी विचित्र आहे म्हणण्याआधी आपण आपल्या नातेवाइकांची यादी तपासावी हे बरं.

आता टोपणनावांकडून रोजच्या शब्दांकडे येतो. माणूस बदलला की 'मक्या' चा अर्थ बदलतो, तसा गाव बदललं की साध्या साध्या शब्दांचा बदलतो. आपल्या जॉर्जियाचंच घ्या. कोका-कोला जन्मली इथे, अटलांटात, १८८६ साली. त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना कुठलंही गार पेय म्हणजे कोक. 'कोक हवा? कुठला?' आपण नाही का, कुठल्याही चॉकलेटला कॅडबरी आणि कुठल्याही पाण्याच्या बाटलीला बिसलेरी म्हणत? शेजारच्या एक आजी मला नेहमी म्हणायच्या, "ओ, ब्लेस युवर हार्ट!" मी तीन वर्षं ते आशीर्वाद म्हणून घेत होतो, एकदा तर वाकून नमस्कार करायच्या बेतात होतो. नंतर कळलं की दक्षिणेत त्याचा अर्थ बरेचदा 'किती रे बावळट तू' असा असतो. पुण्यात 'वा, हुशार आहात!' म्हणतात त्यातलाच प्रकार.

आणि 'पास आऊट'! ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण संपलं की 'पासिंग आऊट परेड' होते, तिथून आपण हा शब्द उचलला. अमेरिकेतल्या पहिल्या मुलाखतीत मी अभिमानाने सांगितलं, "आय पास्ड आऊट इन २०१०." इथल्या भाषेत त्याचा अर्थ 'मी २०१० साली बेशुद्ध पडलो'. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण दोन किस्से असे आहेत की ज्यांवर मला अजून मोकळेपणाने हसता येत नाही. तरी सांगतो.

२०१४ साल. लेबर डेच्या आधीचा गुरुवार. एका मोठ्या बदलावर क्लायंटबरोबर मीटिंग चालू होती. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "लेट्स टेबल दिस." आता आपण लहानपणापासून बातम्यांत काय ऐकलंय? विधेयक सभागृहाच्या पटलावर ठेवलं. टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. मी लगेच पुण्याच्या टीमला ईमेल केली: विषय टेबल होतोय, मंगळवार सकाळपर्यंत सगळं तयार हवं. शुक्रवारी गणपती बसणार होते. टीममधल्या एका मुलाच्या घरी दीड दिवसाचा गणपती, शनिवारी विसर्जन. तो शनिवारी ऑफिसात बसला. रविवारी बसला. सोमवारी रात्री उशिरा त्याचं काम माझ्याकडे पोचलं, आणि अतिशय सुंदर काम होतं ते.

मंगळवारी मी ते उघडून दाखवलं तेव्हा बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "पण आपण हे बाजूला ठेवायचं ठरवलं होतं ना?" अमेरिकेत 'टेबल' म्हणजे तूर्त बासनात गुंडाळणं. बरोबर उलटा अर्थ.

पुढे वाचलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनापतींचंही याच शब्दावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. चर्चिल यांनी आपल्या आठवणींत ते लिहिलंय. दोघांनाही हवं होतं एकच, फक्त शब्द उलटे होते. चर्चिलच्या पंगतीला बसून मला जरा बरं वाटलं. पण त्या मुलाला मी फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे सर, बाप्पा पुढच्या वर्षी येतीलच." त्याच्या आजोबांचा तो शेवटचा गणपती ठरला, हे मला फार नंतर कळलं. मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारला असता तर? 'टेबल म्हणजे नक्की काय करायचं?' पाच शब्द. पण इंग्रजी येत नाही असं वाटेल म्हणून मी विचारलं नाही.

दुसरा किस्सा २०२३ चा. माझे बाबा आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते. बाबा सांगलीला हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. त्यांना मधुमेह आहे, पण संकष्टीचा उपास सोडत नाहीत. त्या दिवशी गोळी घेतली आणि उपासही केला. दुपारी त्यांना गरगरायला लागलं. मी डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि नर्सबाईंना सांगितलं, "माय फादर इज फीलिंग व्हेरी गिडी." त्या खुशीत म्हणाल्या, "ओ, दॅट्स लव्हली!"

मंडळी, शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. पण आपल्याकडे गिडी म्हणजे चक्कर, आणि इथे रोजच्या बोलण्यात गिडी म्हणजे आनंदाने हुरळून गेलेला. त्यांना वाटलं, म्हातारबुवा नातीला भेटून खूश झालेत. मी ओरडलो, "नो, ही कॅनॉट स्टँड!" मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "डिझी? त्यांना डायबेटिस आहे का? साखर आत्ताच्या आत्ता तपासा." साखर अठ्ठावन्न होती. त्यांनी संत्र्याचा रस द्यायला सांगितला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावली आणि आकडा वर येईपर्यंत फोन ठेवला नाही. बाबा ठीक झाले. तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे: चक्कर म्हणजे डिझी. आणि तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात येणार असतील त्यांच्यासाठी सांगतो. 'लूज मोशन' ला डायरिया म्हणा. 'मला बीपी आहे' म्हणू नका, बीपी सगळ्यांनाच असतं. 'हाय ब्लड प्रेशर' म्हणा. आणि 'शुगर आहे' म्हटलं तर समोरचा म्हणेल, चहात घालायला देता का?

आता घरातली पुढची पिढी. माझी मुलगी शर्वरी दहा वर्षांची आहे. मी केलेले पोहे खाऊन ती म्हणाली, "बाबा, धिस इज फायर." मी धावत पाणी आणलं. तिला म्हणायचं होतं, फर्मास झालेत. 'सिक' म्हणजेही छान. माझी बायको वैतागते, वाईट शब्द चांगल्या अर्थाने कसे काय वापरतात ही मुलं? मी तिला कोल्हापूरची आठवण करून देतो. ती कोल्हापूरची आहे आणि दिवसातून दहा वेळा 'नाद खुळा' म्हणते. आपलं 'खतरनाक' काय वेगळं आहे? खुद्द 'साहस' शब्द घ्या. जुन्या संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा. आज आपण साहसी मुलांना पदकं देतो. हे बाबांनी सांगितलं, म्हणजे खात्रीचं आहे.

तर त्या सहा महिन्यांत बाबा रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस शर्वरीच्या मैत्रिणी सायकली घेऊन आल्या आणि फाटकातून ओरडल्या, "शेरी! शेरी!" बाबांनी मला विचारलं, "कोणाला हाक मारतायत?" मी म्हटलं, आपल्या शर्वरीला. "शेरी म्हणजे काय रे?" आता काय सांगणार? सांगितलं, एक प्रकारची दारू. स्पेनमधल्या हेरेस गावची. गावाच्या नावावरून इंग्रजांनी तिला 'शेरिस' म्हटलं, मग तो 'स' अनेकवचनाचा वाटून गाळून टाकला आणि 'शेरी' उरली. म्हणजे दारूचंही ते टोपणनावच! बाबांना व्युत्पत्ती आवडली, नाव नाही आवडलं. म्हणाले, "शर्वरी म्हणजे रात्र, चांदण्यांची. आणि तुम्ही तिची बाटली केलीत."

मला राग आला. मीही अकरा वर्षं मॅकच होतो ना? मी त्यांना उदाहरणं दिली. लुइझियानाचे गव्हर्नर झालेले बॉबी जिंदल मूळचे पियूष. लहानपणी टीव्हीवरच्या 'द ब्रेडी बंच' मालिकेतल्या मुलाचं नाव आवडलं म्हणून बॉबी झाले. साउथ कॅरोलायनाच्या निक्की हेली मूळच्या निम्रता निक्की रंधावा. लोकांना वाटतं निक्की हे इंग्रजी नाव, पण पंजाबीत निक्की म्हणजे छोटी, घरचंच नाव आहे ते. आणि आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ च्या जानेवारीत मिशिगनहून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेले ते 'श्री' म्हणूनच. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नावसुद्धा 'ही श्रीची इच्छा'. बाबा म्हणाले, "बघ, तिघांनी तीन वाटा निवडल्या. पण निवडल्या त्यांनी स्वतः. तुला मॅक कोणी केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. विचारलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

नावाची मोडतोड सगळेच काही इतक्या सौजन्याने करत नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्याच जॉर्जियात, मेकनला, एका प्रचारसभेत एका सेनेटरने कमला हॅरिस यांचं नाव तीन-चार तऱ्हांनी वाकडं करून दाखवलं आणि शेवटी 'असेल काहीतरी' अशा अर्थाचं म्हणून सोडून दिलं. मंडळाच्या नियमाप्रमाणे इथे राजकारण बोलायचं नाही, म्हणून पक्ष सांगत नाही. त्यांच्या बाजूने खुलासा आला की उच्चार चुकला, मनात काही नव्हतं. पण त्यानंतर देशभर हजारो लोकांनी 'माय नेम इज' असं म्हणत आपापल्या नावांचे अर्थ लिहिले. मी ते वाचत बसलो होतो. मकरंद म्हणजे फुलातला मध, असं लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. ऑफिसात कोणी वाचलं तर, म्हणून.

बाबांशी वाद चालू होता तेव्हा शर्वरी आत आली. मी तिलाच विचारलं, "तुला काय म्हटलेलं आवडतं?" ती म्हणाली, "शेरी फक्त माझ्या फ्रेंड्ससाठी आहे. शाळेत टीचर शर्वरीच म्हणतात, मी त्यांना शिकवलंय, दोन दिवस लागले. आणि घरी शरू. तू मला शेरी म्हणालास तर मी ओ देणार नाही." बाबा माझ्याकडे बघून हसले. व्याकरण तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या शेजारी बिल राहतात. वय ऐंशीच्या पुढे. बाबांची आणि त्यांची कुंपणावरून दोस्ती झाली. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, बिलचं जॉर्जियाचं, पण दोघांनाही बागेत टोमॅटो लावायचे होते. एकदा बाबांनी विचारलं, "तुमचं खरं नाव काय?" ते म्हणाले, विल्यम. "विल्यम कोण म्हणायचं?" "आई. ते पण रागावली की फक्त. विल्यमच्या पुढे मधलं नाव लागलं की मी पळायचो." बाबा खो-खो हसले. आमच्याकडेही पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, फक्त प्रगतिपुस्तक आल्यावर ऐकू यायचं. मग बिल म्हणाले, "एरवी ती मला बिली म्हणायची. मला बिली म्हणणारं आता कोणी उरलं नाही."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

माझी आई २०२१ च्या मे महिन्यात गेली. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. त्याच महिन्यात भारतातून येणाऱ्यांवर बंदी आली होती. व्हिसावर असलेला माणूस गेला तर परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी गेलो नाही. फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. आई मला 'मकू' म्हणायची. बाबा मकरंद म्हणतात, मित्र मक्या म्हणतात, ऑफिस मॅक म्हणतं. मकू म्हणणारं एकच माणूस होतं.

मग बिलनी बाबांना विचारलं, "आणि मॅकचं खरं नाव काय?" बाबा जन्मजात मास्तर. तीन संध्याकाळी शिकवणी चालली. म, क, रंद. 'रँड' नाही, 'रंद', दंताला जीभ लावा. चौथ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होतो तर कुंपणापलीकडून आवाज आला, "गुड मॉर्निंग, मकरंद!" अकरा वर्षं आम्ही शेजारी होतो. त्यांना कधी जमलं नव्हतं असं नाही हो. मी कधी सांगितलंच नव्हतं.

आता ऑफिसात जुने लोक मॅकच म्हणतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मॅकही मीच आहे, त्याच्या नावावर घराचं कर्ज फिटतंय. पण टीममध्ये नवीन कोणी आलं आणि विचारलं की काय म्हणू, तर मी आधी मकरंद सांगतो आणि थांबतो. दोन-तीन प्रयत्न लागतात. लागू देत. आणि कोणी 'लेट्स टेबल इट' म्हटलं की मी हात वर करतो आणि विचारतो, आत्ता की नंतर? एकदाही कोणी हसलेलं नाही.

वीस मिनिटं संपली. जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. संक्रांतीच्या कार्यक्रमाला तुम्ही आपल्याला नावाचे बिल्ले देता. या वेळी नावाखाली एक रिकामी ओळ ठेवा: 'घरी मला अमुक म्हणतात.' बघा तरी, आपल्या अध्यक्षांच्या बिल्ल्यावर काय निघतं ते! डॉक्टरसाहेबांच्या बिल्ल्यावर बंड्या निघाला तर तिळगूळ आणखी गोड लागेल. म्हणायचा हक्क ज्याचा त्याने ठरवावा, पण निदान एकमेकांना माहीत तरी असू दे.

माझ्या ओळीवर मी 'मकू' लिहिणार आहे. हाक मारायला कोणी नाही, पण लिहिलेलं राहू दे.

चला, जेवण तयार आहे!